बोटभर पुट्टी

आधीच्या माणसाच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करणारा कुठलाही डेंटर हातोडी उचलत नाही. त्या धंद्याची रीतच तशी आहे. आणि गल्लीत सगळे ज्यांना मामा म्हणत, ते तर या बाबतीत कोणाला हार जाणारे नव्हते. गाडी दारात लागली की आधी दहा मिनिटं शिव्यांचं काम, मग पत्र्याचं.

त्यांचा दुसरा हट्ट पुट्टीबद्दल. चेपलेल्या पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून हलके ठोके देत पत्रा मूळ जागी आणायचा. खड्ड्यात पुट्टी भरून वरून रंग फासणं ही त्यांच्या लेखी शुद्ध लबाडी. मुलीलाही त्यांनी हेच शिकवलं. ती आता त्यांच्याकडेच रंगकाम बघायची. पुट्टी भरून लवकर उरका म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती बापाला न विचारताच वाटेला लावायची.

एका सकाळी एक निवृत्त बाई नवऱ्यामागे उरलेली त्याची जुनी, गोल पाठीची गाडी घेऊन आल्या. डाव्या दाराचा रंग फुगला होता. मुलीने तो खरवडायला घेतला, तर खालून बोटभर जाडीची पुट्टी ढेकळासारखी निखळू लागली. मामांच्या तोंडाचा पट्टा सुटला. या माणसाच्या हातात हातोडी दिली तरी कोणी, असं त्यांनी बाईंनाच विचारलं. बाईंना बिचाऱ्यांना काय ठाऊक? गाडीचं सगळं नवरा बघायचा.

दुपारी पत्रा उघडा पडला आणि मामांनी वाकून त्यावरून बोट फिरवलं. ठोक्यांच्या खुणा उलट्या बाजूने तिरक्या उतरल्या होत्या. असे ठोके डाव्या हाताचे, आणि अख्ख्या बाजारात डावखुरा डेंटर एकच होता.

मग दोन दिवस त्यांनी त्या दाराचा पिच्छा पुरवला. पत्रा गॅसने तापवायचा, ओला फडका मारून आकसवायचा, तळहात फिरवून बघायचा, पुन्हा ठोकायचा. बोलायची तशी काही गरज नव्हती. दार सरळ झालं असतं, रंग चढला असता, खुणा पुसल्या गेल्या असत्या. पण पोर येताजाता त्या कोण्या लबाडाचा उद्धार करत होती, तोही बापाचेच शब्द वापरून. मामांना लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी बाई काम बघायला आल्या. मुलीने त्यांना दार दाखवलं आणि ती म्हणाली, आधीच्या त्या कारागिराला एकदा भेटायलाच हवं.

"रोज भेटतेस," मामा म्हणाले. "माझंच काम आहे ते."

मुलगी हसली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसायची थांबली. बाई उगाच गाडीच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

"कधी केलंत, बाबा?"

"तू झालीस त्या दिवशी. दवाखान्यातून निरोप आला, आणि गाडी संध्याकाळी देतो म्हणून शब्द देऊन बसलो होतो. म्हटलं, पुट्टी भरतो आणि पळतो."

"मग पोचलात वेळेवर?"

मामा फडका पिळत राहिले.

"एवढा जाड थर लगेच वाळतो होय," ते म्हणाले. "मी आलो तेव्हा तुला न्हाऊ घालून निजवलंसुद्धा होतं."