वापरलेली माती

तुमच्या घरचं पाणी चांगलं आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? डोळ्यांनी? एका वस्तीतल्या कुंभारालाही डोळ्यांनीच फसवलं.

वस्तीच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडायचा कारखाना. तिथलं शिसं झिरपत विहिरीत उतरलं. पाणी तपासायला आलेल्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी कुंभाराची चिकणमाती चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "दादा, ही माती शिसं पकडते. पाण्यात कालवा, निवळू द्या, वरचं पाणी फडक्यातून गाळा." झालं! ज्याला लोक जन्मभर 'चिखल्या' म्हणून चिडवायचे, त्याच्या दारात हंड्यांची रांग लागली. म्हाताऱ्याची मान ताठ झाली.

पण त्याचा जीव अडकला होता तो सात वर्षांच्या नातीत. पोटात कळा, हातापायांच्या काड्या, आणि काल गिरवलेलं अक्षर आज अनोळखी. तिच्या रक्तातलं शिसं उतरावं, एवढंच त्याला हवं होतं.

पहिल्या तपासणीत उतरलं. पुढच्या तपासणीत दुप्पट झालं.

बाई तडक आल्या. "दादा, वापरलेली माती कुठे टाकता?"

"टाकतो? अहो बाई, माती कोण टाकतं? खड्ड्यात सोडायची, नव्या मातीबरोबर तुडवायची, तीच पुन्हा पाण्यात कालवायची. आमच्या बापानं कधी मूठभर वाया घालवली नाही."

बाईंनी खड्ड्यात डोकावून पाहिलं. "झाकणाच्या पिंपात वेगळी ठेवा म्हटलं होतं ना? शिशानं भरलेली माती नवं शिसं धरत नाही हो. धरलेलंही सोडते."

"हे ऐकतील तर शपथ!" त्याची म्हातारी आतून कडाडली. "म्हणे, मातीतलं मला शिकवू नका. आता शिकवा पोरीला अक्षरं!"

हंडेवाल्यांना म्हाताऱ्यानं स्वतःच सांगितलं, मान खाली घालून. एकजण त्याच्या पायाशी थुंकला. बाकीचे हंडे उचलून विहिरीकडे वळले. दुसरं पाणी होतं कुठे?

डॉक्टर म्हणाले, रक्तातलं शिसं उतरेलही. मेंदूचं झालेलं नुकसान भरून येईल, असं मी सांगणार नाही. म्हातारा खड्डा उपसायला बसला. गाडीभर माती, आणि पिंपं दोन. नाल्यात टाकावी तर खालच्या वस्तीची पोरं. मग फावडं तसंच मांडीवर राहिलं.

कारखाना चालूच आहे, तेव्हा म्हाताऱ्याला नावं ठेवून मोकळे होऊ नका. मातीनं पाणी शुद्ध करत असाल तर आत्ता उठा, वापरलेली माती पिंपात बंद करा, आणि पोरांच्या ओठांना लावण्याआधी ते पाणी पुन्हा तपासून घ्या.