रडकी बाई मंगलची न्हाय

तो फ्लेक्स आधी उतरवा.

कोपऱ्यावर लावलाय तो. मंगलचा फोटो, शेजारी क्रॉस स्टिचची फ्रेम, नवऱ्याच्या पायावर पडून रडणारी बाई. खाली लिहिलंय, "पतिसेवेतच देव पाहिलेल्या मंगलताईंच्या हातची कला."

कुणाच्या हातची? ती फ्रेम मी भरलीय!

शुक्रवारी मंगलचं वर्षश्राद्ध. आणि घरच्यांना तिचा हात वळखता येत न्हाय.

मंगल डावखुरी. तिची फुली माझ्या उलट पडायची. वरचा टाका दुसऱ्या बाजूला कलायचा. म्हणून एका कापडावर आम्ही दोघी कधी बसलो न्हाय. उजेडात तिरकं धरलं की लगेच कळतंय.

अमोल, तू तिचा पोरगा. पुण्यात कॉम्प्युटरवर कामं करतोस. त्या फ्लेक्सचा फोटो मोठा करून बघ की.

ह्या ग्रुपवर ज्यांना म्हायती न्हाय त्यांच्यासाठी सांगते. मी मंगलची शेजारीण. शाळा चौथी. माझ्या चुका काढत बसू नका.

नव्वद सालानंतर आम्ही दोघी रुखवताच्या फ्रेमा करायचो. ती डिझाईन काढायची, मी भरायची. लग्नात मांडायच्या, "मुलीनं स्वतः केलंय" म्हणून. कुणी केलंय ते अख्ख्या मांडवाला म्हायती.

पोरींच्या आयांना जुन्या पिच्चरमधला सीन पायजे असायचा. सून सासूचं पाय चेपतीय. बायको उंबऱ्यात रडतीय.

दुपारी व्हीसीआर भाड्यानं आणायचा. सीन आला की पॉज.

मंगल टीव्हीच्या काचेवर बटर पेपर धरायची. तो आपोआप चिकटायचा, हातावरचं केस उभं राहायचं. मग पेन्सिल पळवायची, कारण पॉज जास्त वेळ ठेवला की पिच्चर आपला आपण सुटायचा. नंतर चौकटीच्या कागदावर बसून फुल्या.

एकदा म्हणाली, "रडकी बाई लई सोपी गं. डोळं खाली, पदर वर. तोंडच काढाय लागत न्हाय."

"मग बरंय की. दोरा वाचतोय."

"दोऱ्याचं न्हाय बोलत मी."

तिला आवडायची पिच्चरमधली वाईट बाई. कापलेलं केस, बोटात सिगरेट, एक भुवई वर. ती बाई शेवटाला मरायची तरी, न्हायतर रडून माफी तरी मागायची.

मंगल टीव्हीवर वरडायची, "अगं हिनं काय केलंय? केसच कापल्यात न्हवं? त्याला गोळी?"

तिचीबी डिझाईन काढली. खुर्चीत पायावर पाय टाकून हसतीया. हसणं अर्धं कागदावर आलं आणि पॉज सुटला. बाकीचं तोंड मंगलनं मनानं काढलं.

एका आईला दाखवली. ती म्हणाली, "मंगलताई, लग्न करायचं हाय का मोडायचं हाय?"

कुणी घेतली न्हाय. मग ती फ्रेम मंगलनं स्वतः भरली. पहिल्या टाक्यापासनं शेवटच्यापर्यंत.

झाल्यावर मी बघतच राहिले. ते हसणं पिच्चरमधल्या बाईचं न्हवतंच. मंगलचं होतं.

रडणाऱ्या सगळ्या माझ्या हातच्या. हसणारी एकटी तिची.

भावजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ती भिंतीकडं तोंड करून लावली. "पावणं येत्यात घरात."

मंगल सरळ करायची. भावजी परत फिरवायचं. वर्षानुवर्षं. भांडण न्हाय, आवाज न्हाय.

दवाखान्यात माझ्यासमोर भावजींना म्हणाली, "ती बाई हिच्याकडं जाऊ द्या. आपल्यात तिला कोण बसू देणार न्हाय."

भावजी म्हणालं, "आधी बरी हो."

बरी झाली न्हाय.

तेरावं झाल्यावर मी मागाय गेलते. भिंतीवर नुसता खिळा.

"भावजी, फ्रेम?"

"कुठली?"

"हसणारी."

"आवराआवरीत गेली असंल. बंबात, न्हायतर माळ्यावर. मला काय म्हायती?"

जाळलेली आणि ठेवलेली, एकाच दमात!

वर्षभर त्या दारात जातीया. चहा मिळतो. उत्तर मिळत न्हाय. परवा तर म्हणालं, "गेलेल्या बाईची बदनामी करता व्हय? सिगरेटवाली लावू फोटोशेजारी?"

व्हय! लावा की!

मी कधी कुणापुढं हात पसरला न्हाय, अख्खी गल्ली सांगंल. आज पसरतीया.

मंगलचा हसताना एक फोटो न्हाय कुणाकडं. कॅमेरा बघितला की ती ताठ व्हायची. आणि हसताना ती कशी दिसायची, ते मला आता नीट आठवंना झालंय. डोळं मिटून बसते. येत न्हाय. लई भ्या वाटतंय रं.

अमोल, बापाला फोन करू नको. गाडीत बस, ये, स्वतः माळ्यावर चढ. घावली तर मला सांग. जळाली असंल तरी सांग, पण खोटं सांगू नको.

लोकं सकाळपासनं हात जोडल्याली चित्रं टाकाय लागल्यात. मला श्रद्धांजली लिहायची न्हाय अजून.

ती फ्रेम हाय का गेली? गुरुवारी दिवस मावळायच्या आत मला उत्तर पायजे.