लॉख़मधला ख़

काल भाच्याने स्कॉटलंडमधल्या तळ्याचा फोटो दाखवला. “हे लॉक बघ, मावशी.” “लॉख़ म्हण,” मी म्हणाले, आणि नसरीन आठवली.

नव्वदच्या दशकात आबिड्स भागातल्या एका ऑफिसात आम्ही दोघी स्कॉटलंडच्या डॉक्टरांच्या टेप ऐकून टाइप करायचो. दोघींपैकी एकीलाच तिकडे पाठवणार होते. मी त्यांचे शब्द घोकून ठेवले होते. ‘बेअर्न’ म्हणजे मूल, ‘वी’ म्हणजे लहान, ‘ड्रीख़’ म्हणजे कुंद, ओलसर हवा. नसरीनने काहीच पाठ केलं नव्हतं. पण साहेबांनी तळ्याचा शब्द विचारला तेव्हा माझ्या तोंडून ‘लॉक’ आलं, आणि तिच्या गळ्यातून अलगद ‘लॉख़’. साहेब खूश झाले.

“अपने ख़ाली का ख़ इच तो है!” ती हसत मला म्हणाली. त्या हसण्याचासुद्धा मला हेवा वाटला.

तीच स्कॉटलंडला गेली. त्या संध्याकाळी बरकतपुऱ्याच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी घशातून तो ख़ काढत राहिले. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

“गले में कुछ अटक गया क्या, अम्मा?”

मी मान हलवली, घटाघटा पाणी प्यायले. अडकलेलं ते काही खाली उतरेना.