पाटीवरचा बिबट्या

माझी भावजय गेली एकोणीस वर्षे जंगलाच्या कडेला असलेल्या एका विश्रामगृहाचा कारभार पाहते. प्रवासी तिला मावशी म्हणतात. वयाने तिच्या मुलाएवढा असलेला व्यवस्थापकही मावशीच म्हणतो. खोलीची किल्ली हाती देण्यापूर्वी ती प्रत्येकाला बजावते की, जळवा आत शिरू नयेत म्हणून मोजे विजारीवर ओढून घ्यावेत, आणि गार खोलीतून बाहेर पडल्यावर काचेवरची वाफ जाईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावू नये.

जेवणघराच्या दाराशी तिची काळी पाटी आहे. रोज सकाळी सहाला ती एक ओला रुमाल दोरीवर टाकते आणि तो किती वेळात वाळला, हे पाटीवर लिहिते. हवेतला दमटपणा आकड्यांत सांगितला तर कोणाला उमगत नाही. 'रुमाल : पाच तास' असे वाचले की आज कपडे धुवावेत की नाही, हे सर्वांना समजते. त्याखाली त्या दिवशी पाऊस कधी येईल ती वेळ, आणि आदल्या दिवशी दिसलेले प्राणी, जागेसह. न दिसलेला प्राणी त्या पाटीवर कधी चढला नव्हता. म्हणूनच पाहुण्यांची भिस्त छापील पुस्तिकेपेक्षा पाटीवर अधिक.

गेल्या महिन्यात मी तेथे मुक्कामास असताना एका सकाळी पाटीवर झळकले : 'बिबट्या. पाण्याच्या टाकीमागे. संध्याकाळी पावणेसात.' त्याच दिवशी निघणार असलेल्या सहा जणांनी मुक्काम दोन दिवसांनी वाढवला. व्यवस्थापकाला आभाळ ठेंगणे झाले.

दुपारी ती माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला.

"भाऊजी, जरा टाकीमागे चला."

तेथे मऊ चिखलात ठसे होते. बिबट्याचा पंजा बशीएवढा उमटतो; हे जेमतेम बाटलीच्या बुचाएवढे. दुसऱ्या प्राण्याचा ठसा आसपास कोठेही नव्हता.

"जवादी मांजर," ती म्हणाली. "अंगावर ठिपके, लांब शेपूट. काल ऑफिसच्या गारव्यातून तशीच बाहेर आले. चष्म्यावर वाफ धरलेली. पुसेपर्यंत ते पळेल असं वाटलं. जगाला शिकवते, आणि स्वतः..."

"एवढ्या वाफेतून तुला हत्ती दिसला नाही, हेच नशीब."

"थट्टा नको, भाऊजी. उद्यापासून त्या पाटीवर कोण विश्वास ठेवील?"

पाटीपाशी परतून तिने फडके उचललेले पाहून व्यवस्थापक धावतच आला.

"मावशी, पुसू नका! नाही दिसला तर नाही दिसला. जंगल आहे, सर्कस थोडीच?"

"न दिसणं वेगळं आणि नसणं वेगळं."

"निदान पुढे 'बहुधा' तरी घाला!"

"बहुधा म्हणे! बाजूला हो."

आणि तिने लिहिले : 'सकाळची नोंद चुकीची. ते जवादी मांजर होते. चूक माझी. ज्यांना निघायचे असेल त्यांनी खुशाल निघावे.'

चहाच्या वेळी सर्वांनी ते वाचले. एक तरुण जोडपे पाचच्या बसने निघाले. "मांजर आमच्या सोसायटीतही आहे," नवरा जाता जाता म्हणाला, "तेही फुकटात." उरलेल्या चौघांतील एक निवृत्त परिचारिका मात्र खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "काय हो मावशी, हे तुमचं मांजर तरी रोज येतं का?"

"ते नाही सांगता येणार. काल आलं होतं, एवढंच खरं."

"मग बसू या की. नाहीतरी आता कुठे जायचंय!"

संध्याकाळी ते चौघे, ती आणि मी मागच्या पायऱ्यांवर बसलो. बराच वेळ केवळ डास आले. मग गटारातून एक टोकदार तोंड वर आले. ठिपक्यांचे सडपातळ अंग, शेपटीवर काळी वळी. खाली पडलेले एक फळ त्याने सावकाश खाल्ले आणि आल्या वाटेने ते दिसेनासे झाले. परिचारिकेने भावजयीचे मनगट घट्ट धरून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर लिहिलेले होते : 'जवादी मांजर. सहा जणांनी पाहिले. आज तीननंतर पाऊस.' बाहेर मात्र लख्ख ऊन होते, आभाळात ढगाचा ठिपका नाही. खडू हातातच धरून ती दारामागे उभी राहिली. दिवसभर जंगलात फिरायला निघालेली परिचारिका पाटीपाशी थांबली, वाचले, दाराबाहेर डोकावून ऊन पाहिले आणि मागे वळून खोलीतून छत्री घेऊन आली. तिच्यामागोमाग बाकीचे तिघेही छत्र्या आणायला गेले.