मशीनवरची सुपारी

ताई-दादांनो, आज दुपारचीच गोष्ट. वर्कशॉपसाठी जुनं सीएनसी लेथ, म्हणजे धातू कातायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, बघायला हे आणि मी कुपवाडला गेलो होतो. आमचं काम जाड लोखंडी शाफ्टचं, मशीन दणकटच हवं. त्यासाठी राहतं घर तारण ठेवायचंय.

मशीनला ताजा रंग, वर हार, आणि विड्याच्या पानावर गणपतीची सुपारी! आम्ही हो म्हणायच्या आधीच विकणाऱ्याने पूजा उरकली होती. मला तिथेच शंका आली.

त्याने मऊ अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा झकास कापून दाखवला. मी पिशवीतून आमचा लोखंडी तुकडा काढला.

"दादा, यावर खोल कट घ्या."

"आवं वैनी, पूजा झालीय, आज कशाला ताण देताय मशीनला?"

"मग देवासमोरच बघू की!"

कट लागला आणि मशीन थरथरायला लागलं. सुपारी पानावरून सरकत पार कडेला आली. पडायच्या आत मी ती पदरात झेलली.

हे हळूच म्हणाले, "चल, कौल मिळाला."

सुपारी आता आमच्या देव्हाऱ्यात आहे, मशीन तिथंच. पण खरं सांगा, गिऱ्हाइकाने तपासू नये म्हणून देवाला पुढे करणारी माणसं तुम्हालाही भेटलीत का?