मागच्या दाराचे दोन ठोके

आमच्या घरातली सगळी भांडणं गाडीचा काटा साठच्या खाली असेपर्यंतच चालायची. साठच्या पुढे कोणाचं कोणाला ऐकूच येत नसे. बाबांनी वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून ती जुनी डिझेल गाडी आणली, तेव्हा आईने एकच विचारलं, "एवढी काहून बोंबलते जी ही?"

"इंजिन आहे ते! गाडी वाजली पाह्यजे, तवाच लोक बाजूले होतेत!" (लोक व्हायचेच. म्हशीसुद्धा व्हायच्या.)

गाडी बनवणाऱ्याने इंजिनाची सोय आधी पाहिली होती, माणसांची उरलेल्या जागेत. मागच्या बाकावर बसणारा कितीही ओरडला तरी पुढे काही पोचत नसे. म्हणून बाबांनी कायदा केला, मागच्याने टपावर ठोकायचं. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे फाटा आला, वळा. आणि मागचं दार? ते आतून लागतच नसे! बाहेरून दोनदा धाडकन आपटायचं, मग फिरून दुसऱ्या दाराने आत यायचं. हे काम कायम बाबांचं. दुसऱ्या कोणी हात लावला की, "अबे, बिजागरी तोडशीन!"

याच गाडीतून आम्ही नरखेड तालुक्यात मुलगी पाहायला गेलो. सुजाता. संत्र्याच्या बागेतलं घर. उतरलो तेव्हा माझ्या कानात इंजिनच घुमत होतं, म्हणून मी गप्प बसलो, नुसती मान हलवली. झालं! तिच्या वडिलांनी मध्यस्थाला विचारलं, "पोराची मर्जी दिसत नाही. जबरदस्तीनं तं नाही आणलं त्याले?"

बापरे! मर्जी नाही? इकडे मी मध्यस्थाने दिलेला तिचा नंबर घोकून घोकून पाठ केला होता! लावायची तेवढी हिंमत होत नव्हती. जमलेलं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, त्या एका शंकेवर अडलं होतं. मी साक्षगंधाच्या दिवशी वेळेवर, हसतमुखाने दारात दिसलो तरच सोयरीक टिकणार होती.

तर साक्षगंधाचा दिवस. समोर आई-बाबा, मध्ये फळांच्या टोपल्या, मागे मी आणि मामा. मामा निघाल्यापासून घोरत होते. (त्या आवाजात झोपणारा दुसरा माणूस मी अजून पाहिला नाही.) काटोलच्या पुढे गाडी तापली. बाबांनी रेडिएटरात पाणी टाकलं, कॅन माझ्या हाती दिली आणि स्वतःच्या नव्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं.

"आज तूच लाव दार. मले डाग पडतीन. पाहून लाव!"

मी कॅन मागे ठेवली. दार आपटलं. धाड. धाड.

पुढे जाऊन बसलेल्या बाबांनी दोन ठोके ऐकले, गिअर टाकला आणि गाडी निघाली.

"बाबाऽऽ! अजी थांबा ना!" मी धावलो. नव्या चपलेने दगा दिला, ती एकीकडे, मी दुसरीकडे. इंजिनापुढे माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, बाबांना काय डोंबल येणार? फोन कोटात आणि कोट गाडीत.

बाजूच्या टपरीवरचा चहावाला बाहेर आला. "काय झालं गा?"

"माझं साक्षगंध आहे!"

"मग तुमी काहून इथं?"

मी लांब जाणाऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. बिचाऱ्याने आपला फोन दिला. पण घरातल्या एकाचाही नंबर मला येत नव्हता. पाठ होता तो एकच. हिंमत करून तोच लावला.

"हॅलो, कोण?"

"मीऽऽ! नवरदेवऽऽ!" गाडीतली सवय, दुसरं काय!

"हळू बोला जी, कान फुटला माझा! कुठं आहा तुमी?"

मी सगळं सांगितलं. संपलं, म्हटलं. आणि मग ती जी हसत सुटली! चहावाल्यालाही ऐकू गेलं.

"हलू नका तिथून. आमच्या बाबाले समजलं तं म्हणतीन, पोरगा पळाला. मीच येऊन राहिली."

आली. स्कूटीवर, तोंडाला ओढणी गुंडाळून, अर्धाच गजरा माळून. मी मागे बसलो आणि बागांमधल्या वाटेने आम्ही निघालो. धावत्या गाडीवर माणसाशी बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं! मी बोलतच सुटलो.

"अय माय! एवढं बोलता? मग त्या दिवशी काय झालं होतं?"

"कानात इंजिन होतं," मी म्हणालो. ती पुन्हा हसली. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, हे आज उघड सांगतो.

तिने मला घरामागे उतरवलं. मी चप्पल झटकली, वळसा घालून पुढच्या दारी गेलो आणि तिच्या वडिलांना जयभीम केला.

"अरे! तुमी एकटेच? बाकीचे?"

"येऊन राहिले मागून. मलेच धीर नाही निघाला."

त्यांचा चेहरा असा खुलला! आत वळून ओरडले, "ऐकलं का वं? अन् आपण म्हणत होतो, मर्जी नाही!"

पुष्कळ वेळाने लांबून आमची गाडी ऐकू आली. त्यानंतर बऱ्याच वेळाने दिसली. बाबा उतरले, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्यावरच तडकले, "काय बे! फाटा आला तं ठोकलं काहून नाही? किती पुढं जाऊन वापस आलो!"

म्हणजे मी गाडीत नाही, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं! आईने कोट दिला. "घाल. घामाघूम झाला मागं बसून." मामा डोळे चोळत विचारत होते, "आलं का गाव?" सासरे एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिले. मी मान खाली घालून कोटाच्या गुंड्या लावल्या. साक्षगंध झालं.

आता ती गाडी भंगारात गेली. बेसा इथल्या आमच्या घरासमोरून तिला ओढून नेलं तेव्हा बाबा फाटकाशी डोळे पुसत उभे होते. त्या गाडीत आम्ही एकमेकांचं एक अक्षर ऐकलं नाही, पण कुठंही जायचं तर सगळे मिळून जायचो. (तेवढी एक वेळ सोडा.) बाबांचं मन रमावं म्हणून मी विचारलं, "बाबा, त्या दिवशी मी गाडीत नाही, हे तुम्हाले खरंच कळलं नव्हतं?"

बाबांनी रुमाल खिशात ठेवला. "थोडं लक्षात आलं होतं ना. काटोलच्या पुढं गाडी एकदम मस्त ओढून राहिली होती. मले वाटलं, पाणी टाकल्यानं इंजिन सुधरलं."