मास्ट्रिख्टची बॉक बिअर आणि सोबत सासरे

हॉटेल बुक केलं जुलैमध्ये. सासऱ्यांचं पुण्याहून येणं ठरलं सप्टेंबरात. माझी सगळी गोची या दोन वाक्यांत आहे.

बॉक म्हणजे इथे, डच मुलखात, शरद ऋतूत निघणारी गडद, खरपूस, थोडी कडवट चवीची बिअर. पानं पिवळी पडली की तिच्या जत्रा भरतात. ऑफिसातल्या डच मैत्रिणीने गेल्या वर्षी मला तिची चटक लावली आणि यंदा मी अख्खी मास्ट्रिख्टची सहलच अशा एका जत्रेभोवती आखली. नवरा मंदार बिअरला शिवत नाही, तो फक्त हिंडायला आणि खायला येणार होता. आणि आता बाबा, म्हणजे माझे सासरे. निवृत्त मुख्याध्यापक, आवाज अजून प्रार्थनेच्या मैदानावरचा. सासूबाई बहिणीच्या ऑपरेशनमुळे पुण्यातच राहिल्या होत्या. मी पिते हे सासरी कोणालाच माहीत नव्हतं आणि ते कळलं तर काय, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता. बाबांना मी सांगितलं, फूड फेस्टिवल आहे.

आम्ही राहतो त्या हूफडॉर्पहून ट्रेन बदलत तीनेक तास लागतात. शनिवार-रविवारी जाणार असाल तर रुळांची कामं नाहीत ना, हे ॲपवर आधी बघा. आम्ही बघितलं नाही, त्यामुळे मधला तुकडा बसने, डब्यातली थालीपिठं खात काढला.

जत्रेच्या दारात रिकामा ग्लास आणि टोकनं मिळतात. आत नुसती पिंपं. बाबांनी एकदा पिंपांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मी चीजच्या स्टॉलकडे बोट दाखवलं.

बेत असा होता की ग्लास मंदारने धरायचा आणि बाबांची पाठ वळली की घोट मी घ्यायचा. बेत उत्तम चालला. फक्त ग्लास रिकामा होत गेला तसा बाबांचा सूर चढत गेला. यकृत, संस्कार, परदेशात आल्यावर माणसं कशी बदलतात, सगळं झालं. मंदार बिचारा वर्गात उभं केल्यासारखा माना डोलवत होता. संशय नको म्हणून त्याने एक खराखुरा घोटही घेतला. नवरा असावा तर असा.

मग बाबा बाकावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "मंदार, तो ग्लास केतकीला दे."

मंदारने ग्लास माझ्यापुढे धरला.

"याने जन्मात कारलं खाल्लं नाही," ते मला म्हणाले. "आत्ता घोट घेताना याचं तोंड बघितलंस? कॉपी कोण करतंय आणि मार कोण खातंय, एवढं कळतं मला."

"मग त्याला इतकं का बोललात, बाबा?"

"तुलाच बोलत होतो. सुनेला तोंडावर कसं बोलणार?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला. बाबांनी मंदारला आणखी एक ग्लास आणायला पिटाळलं. तो त्यांनी अर्धा संपवला आणि काढ्यापेक्षा बरी आहे, असा शेरा दिला. जाणार असाल तर आधी पोटभर जेवा, बॉक चढते. बाबा पुलावरून हॉटेलकडे परतताना वाटेतल्या प्रत्येकाला नमस्कार करत होते.

दुसऱ्या दिवशी जुन्या चर्चमध्ये थाटलेलं पुस्तकांचं दुकान बघितलं आणि जर्दाळू भरलेला फ्लाय खाल्ला. ही तिकडची फळं भरलेली गोड पेस्ट्री चुकवू नका.

घरी परत आल्यावर सासूबाईंचा फोन आला. काय काय बघितलं, असं त्यांनी विचारलं. फोन स्पीकरवर होता. बाबांनी चर्च सांगितलं, नदी सांगितली.

"आणि बिअरची जत्रा होती," बाबा म्हणाले. "मंदार प्यायला. केतकीने लिंबू सरबत घेतलं."

मग त्यांनी फोन मंदारच्या हातात दिला. सासूबाई पुण्याहून सुरू झाल्या, यकृतापासून. मंदार पुन्हा माना डोलवायला लागला. बाबा माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी कधी आहे गं?"